कार्ल्याचे वैद्य आणि डोंगरातले वैदू

बालाजी तांबे यांच्यावर आपण कशाला लिहायचं, असं गटातल्या दोघातिघांनी मला आधीच सुनावलं आहे. एकाचं म्हणणं, त्यांना हयातीत भरपूर प्रसिद्धी मिळाली, आपली त्यात भर नको. दुसऱ्याचं म्हणणं, लिहायचंच तर सरळ फोडून काढायचं, मधलं काही नको. मला दोन्ही पटत नाही. मी मावळात काम करतो. कार्ला, मळवली, भाजे, कामशेत हा माझा रोजचा रस्ता. या रस्त्यावर गेल्या चाळीस वर्षांत वनौषधींचा सर्वांत मोठा वैद्य आणि शिक्षक म्हणून ज्यांचं नाव झालं, त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय इथल्या औषधी ज्ञानाबद्दल बोलता येत नाही. त्या ज्ञानावर आपलाही हक्क आहे असं मी मानतो, म्हणून हे लिहितो आहे.

आधी जे आहे ते नीट मांडू. डॉ. बालाजी तांबे यांनी 1982 मध्ये कार्ल्याजवळ आत्मसंतुलन व्हिलेज उभं केलं. तिथे पंचकर्म, आयुर्वेदिक औषधं, योग, संगीतोपचार असं सगळं एका आवारात आलं. देशातून आणि परदेशातून लोक आले. ‘सकाळ’च्या ‘फॅमिली डॉक्टर’ पुरवणीतून ते मराठी घराघरांत पोचले. ‘आयुर्वेदीय गर्भसंस्कार’ हे त्यांचं पुस्तक तर लग्नात आणि डोहाळेजेवणात भेट द्यायची वस्तू झालं. 10 ऑगस्ट 2021 रोजी त्यांचं निधन झालं आणि 2022 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

एक गोष्ट मान्य करायला हवी. हा माणूस शिक्षक म्हणून हुशार होता. आलं, हळद, तूप, ताक, झोप आणि पोट यांच्याविषयी त्यांनी साध्या मराठीत, न कंटाळता, वर्षानुवर्षं लिहिलं. आपल्या चळवळीत आरोग्यावर इतक्या सातत्याने लिहिणारे किती जण आहेत, हे ज्याने त्याने मोजावं. आपण स्मारकावर लिहितो, आरक्षणावर लिहितो, फुटीरपणावर तर फारच लिहितो. वस्तीतल्या बाईच्या अंगात रक्त का नाही, यावर लिहायला आपल्याला वेळ होत नाही. ती रिकामी जागा कुणीतरी भरणारच होतं.

आता माझा प्रश्न. त्यांची जात हा माझा मुद्दा नाही. मुद्दा त्या आसनाचा आहे, ज्यावर बसलेला माणूस झाडपाल्याबद्दल बोलला की त्याला आयुर्वेद म्हणतात, आणि ज्याच्याखाली उभी असलेली बाई तेच बोलली की त्याला गावठी म्हणतात. हे आसन आलं कुठून?

उत्तरासाठी लांब जायला नको. आत्मसंतुलनच्या परिसरातून मान वर केली की डोंगरात कार्ल्याची लेणी आहे. आज बहुतेक लोक तिथे एकवीरेच्या दर्शनाला जातात, चैत्यगृहात दोन फोटो काढतात आणि उतरतात. आपली पोरंही धम्मसहलीला जातात, वंदना घेतात, पण शिलालेख वाचत नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या ‘गंधिका’चं दान कोरलेलं आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. अशाच माणसांच्या दुकानात मुळ्या, साली, डिंक, चंदन असायचं. जवळच सामी नावाच्या सुताराचं नाव आहे. त्याच लेण्यात ‘मामाल’ हा शब्द सापडतो, म्हणजे आपला मावळ. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात गंधिक आणि सुतार यांची नावं दगडावर कोरण्याच्या लायकीची मानली जात होती, ही साधी गोष्ट नाही.

याहून मोठा पुरावा मराठवाड्यात आहे. कन्नड तालुक्यातल्या पितळखोरा लेण्यात मगिल नावाच्या राजवैद्याचं दान आहे. तो स्वतःला वच्छीचा पुत्र म्हणवतो, म्हणजे ओळख आईच्या नावाने. त्याच्या मुलीचं आणि मुलाचं दानही तिथे वेगळं कोरलेलं आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, एका गंधिक कुळाने दिलेला खांबही तिथेच आहे. महाराष्ट्रातल्या वैद्याचा इतका जुना लेख सापडतो तो बौद्ध लेण्यात, हे मला अपघाताने घडलेलं वाटत नाही.

कारण दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं ते पाहा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कुणाला बोलवू नये याची यादी आहे, तीत वैद्य आहे. चौथ्या अध्यायात वैद्याचं अन्न खाऊ नये असं सांगून त्याची बरोबरी पुवाशी केली आहे. दहाव्या अध्यायात वैद्यकी अंबष्ठ नावाच्या संकरजातीच्या वाट्याला ढकलली आहे. का? वैद्य रोग्याला शिवतो. रक्त, पू, विष्ठा, बाळंतपण, मढं, सगळ्याला शिवतो. ज्या व्यवस्थेचा पायाच शिवाशिव आहे, तिला हात लावून बरं करणारा माणूस परवडत नाही. 25 डिसेंबर 1927 ला महाडला बाबासाहेबांनी जे पुस्तक जाळलं, त्यात वैद्याचाही अपमान होता, हे आपण सहसा सांगत नाही.

बुद्धाकडे मात्र उलट आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला त्यांनी स्वतः धुतलं आणि रोग्याची सेवा ही आपलीच सेवा आहे असं संघाला बजावलं. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांसाठी एक आख्खा खंड आहे. त्यात हळद आहे, आलं आहे, वेखंड आहे, मिरी आणि पिंपळी आहे. आणि हिरडा, बेहडा, आवळा आहे. हीच ती त्रिफळा, जी आज डबीत भरून विकली जाते.

त्याच महावग्गात जीवकाची गोष्ट येते. राजगृहाच्या सालवती गणिकेचा उकिरड्यावर टाकलेला मुलगा. जिवंत सापडला म्हणून जीवक. तक्षशिलेला जाऊन सात वर्षं शिकला आणि शेवटी गुरूला विचारलं, हे शिकणं संपणार कधी? गुरू म्हणाला, तक्षशिलेभोवती योजनभर फीर आणि जे औषध नाही ते घेऊन ये. जीवक फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. औषध नाही असं काहीच सापडलं नाही. हीच त्याची परीक्षा, आणि तो पास झाला. आई गणिका, बाप ठाऊक नाही, गोत्र विचारायची सोय नाही, आणि तरी तो बिंबिसाराचा आणि बुद्धाचा वैद्य झाला. अर्थात जीवकालाही डोक्यावर घेऊन नाचायची गरज नाही. तो राजाचा आणि संघाचा वैद्य होता, गोरगरिबांना सहज मिळत नव्हता. त्याच्याकडून उपचार मिळावेत म्हणून लोक प्रव्रज्या घ्यायला लागले आणि शेवटी त्यावर नियम करावा लागला, हेही महावग्गच प्रामाणिकपणे सांगतो.

आता आयुर्वेदाच्या ग्रंथांकडे येऊ. इथे आपली मंडळी दोन टोकांना जातात. एक टोक म्हणतं, सगळं ब्राह्मणी, फेकून द्या. दुसरं म्हणतं, सगळं मूळचं आपलंच, त्यांनी चोरलं. चरकसंहिता उघडून पाहिली की दोन्ही सोपी उत्तरं अडखळतात. पहिल्याच अध्यायात चरक सांगतो की वनस्पती नावाने आणि रूपाने ओळखतात ते रानात शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी. म्हणजे ज्ञानाचा उगम कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे आणि ते लपवावंसंही वाटत नाही. पण लगेच तो पुढे म्हणतो की नुसतं नाव आणि रूप जाणणं म्हणजे औषध जाणणं नव्हे. त्यांची योजना जाणतो तोच खरा जाणकार. माझ्या मते आपल्या आरोग्याच्या इतिहासाची मेख याच दोन वाक्यांच्या मध्ये आहे. पाला ओळखणारा खाली राहिला, योजना सांगणारा वर गेला. आणि योजना शिकायची कुणी? त्याच ग्रंथात ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य या तिघांनी आयुर्वेद कशाकशासाठी शिकावा ते येतं. सुश्रुत एवढंच नोंदवतो की काहींच्या मते चांगल्या कुळातल्या शूद्रालाही शिकवावं, पण मंत्र वगळून आणि उपनयनाशिवाय. मेंढपाळाचं ज्ञान ग्रंथात आलं आणि मेंढपाळ दाराबाहेर राहिला. बाबासाहेबांनी क्रांती आणि प्रतिक्रांती ही जी मांडणी केली, ती मला इथे डोळ्यांनी दिसते.

माझी आजी पवन मावळातल्या एका गावची सुईण होती. महारवाड्यातली. 1956 नंतर तिने देव्हारा नदीत सोडला, पण औषधाची झोळी सोडली नाही. हगवणीला पांढऱ्या कुड्याची साल, सांधे धरले की निरगुडीचा शेक, खोकल्याला अडुळसा. गावातल्या वरच्या आळीत बाळंतपण अडलं की रात्री कंदील घेऊन माणूस यायचा. ती मागच्या दाराने जायची, मूल सोडवायची, नाळ कापायची. ती बाहेर पडली की जागा सारवून घेत. बारशाला तिला बोलावणं यायचं, पण अंगणापर्यंत. पाळण्याला हात लावायचा नाही. ज्या हातात ते मूल या जगात पहिल्यांदा आलं, तो हात बाराव्या दिवशी विटाळाचा व्हायचा. मनूने वैद्याला जे म्हटलं ते आमच्या घरात कुणी वाचलं नव्हतं, आजी ते रोज जगत होती.

ती शिकवायचीही. माझ्या आईला आणि वस्तीतल्या दोघींना तिने शिकवलं ते चालता चालता. लाकडं आणायला गेलं की पाला हातात घ्यायचा, चुरगाळायचा, वास घ्यायला लावायचा, आणि मग सारखाच दिसणारा दुसरा पाला दाखवून विचारायचं, “सांग, ह्यातला खोटा कोन्ता?” चुकलं की काठी बसायची. पण तिची एक गोष्ट मला आज सगळ्यात मोठी वाटते. साप चावलेलं माणूस आणलं की तिची झोळी उघडायची नाही. “ह्याला माझ्याकडं काय न्हाय, दवाखान्यात न्या,” एवढंच म्हणायची आणि बैलगाडी जुंपायला लावायची. घोणस, फुरसं, मण्यार यांच्या विषावर प्रतिविषाशिवाय उपाय नाही, हे तिला कुणी शास्त्र म्हणून सांगितलं नव्हतं. तिने माणसं मरताना पाहिली होती आणि पाहिलेलं मान्य केलं होतं. कालामांना बुद्धांनी सांगितलं ते यापेक्षा वेगळं काय होतं?

मराठीत चिकित्सा या शब्दाचे दोन अर्थ आहेत, उपचार आणि तपासणी. आजीकडे दोन्ही होते. आणि इथेच आत्मसंतुलनवाल्या परंपरेशी माझं भांडण सुरू होतं.

गर्भसंस्कारच घ्या. गरोदर बाईने चांगलं खावं, आनंदात असावं, गाणं ऐकावं, याला कोण नाही म्हणेल? पण शब्द ‘संस्कार’ आहे, आणि तो उगाच आलेला नाही. गर्भाधान, पुंसवन, सीमंतोन्नयन या सोळा संस्कारांच्या मालिकेतला तो शब्द आहे. पुंसवन म्हणजे मुलगाच व्हावा म्हणून करायचा विधी. चरकाच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात तो सविस्तर आहे, वडाच्या कोंबांसकट. त्याच अध्यायात हवा तसा पुत्र व्हावा म्हणून करायच्या विधीत शूद्र स्त्रीने काय करावं तेही आहे: तिने फक्त नमस्कार करावा, देवाला, अग्नीला, द्विजाला, गुरूला. म्हणजे पोटातल्या बाळावर संस्कार व्हायच्या आधी आईची जात विचारली जाते. मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या सगळ्या प्रकारांना 1994 च्या गर्भलिंग निदान कायद्याने बंदी आहे. तरीही गर्भसंस्काराचे वर्ग आज पिंपरी-चिंचवडपासून लोणावळ्यापर्यंत भरतात, आणि त्यांत आपल्या बौद्ध मुलीही जातात. घरात बुद्धाची मूर्ती, भिंतीवर बाबासाहेब, आणि उशाशी ‘तेजस्वी संतती’चं वेळापत्रक.

माझ्या एका नात्यातल्या सुनेने मला विचारलं होतं, “भाऊजी, हा वर्ग लावू का? फी जास्त आहे, पण बाळ हुशार होतं म्हणतात.” मी तिचं रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन आठच्या खाली निघालं. तिला मंत्रांची नाही, लोहाच्या गोळ्यांची, नाचणीची, अंड्यांची आणि दुपारी तासभर आडवं पडू देणाऱ्या सासूची गरज होती. सासूबाईंशी बोलणं हा त्यातला सर्वांत अवघड उपचार ठरला.

म्हणून माझं म्हणणं, पाला फेकू नका आणि आसनही मानू नका. दोन्ही तपासा. कोरोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी उकळला, आपल्या वस्त्यांतही. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती फेटाळली. वाद अजून आहे. पण त्या वादात ‘आमची परंपरा’ म्हणून छाती पुढे काढणाऱ्यांनी नेमकी कोणती वेल, किती, किती दिवस, हे प्रश्न विचारू दिले नाहीत. आजी असती तर तिने आधी वेल चुरगाळून पाहिली असती.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी गाडी तिथेच येते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा वेचतात, वाळवतात आणि विकतात. आपल्या आंदर मावळात, नाणे मावळात ठाकर आणि कातकरी बाया करवंदं, रानभाज्या, मुळ्या घेऊन कामशेतच्या, वडगावच्या बाजारात बसतात. हिरड्याचं चूर्ण होऊन डबीवर संस्कृत नाव पडलं की किंमत कुठल्या कुठे जाते. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा सामूहिक हक्क मानला आहे, पण किती गावांनी तो मिळवला हे आपल्या कार्यकर्त्यांनीच तहसीलला जाऊन पाहावं. त्यात 2023 च्या दुरुस्तीने जैवविविधता कायद्यात नवी मेख मारली आहे. नोंदणीकृत आयुष वैद्य आणि ‘संहिताबद्ध’ पारंपरिक ज्ञान वापरणारे यांना लाभाचा वाटा देण्यातून सूट मिळाली. संहिताबद्ध म्हणजे जे ग्रंथात आहे ते. चरकाने ज्या गुराख्याकडून ऐकलं त्याचं काही देणं लागत नाही, कारण चरकाने ते लिहून ठेवलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो दरवाजा आता राजपत्रात छापून बंद झाला आहे.

आणि डोंगरातला वैदू? तो भटक्या जमातींच्या यादीत आहे, नाहीतर बोगस डॉक्टरांच्या. नोंदणीशिवाय वैद्यकी करू नये हा नियम मला मान्य आहे, त्यात भावनेला जागा नाही. पण ज्ञान देणारा म्हणून त्याचं नाव घेण्यापासून कोणता कायदा अडवतो? केरळात सतराव्या शतकात व्हान ऱ्हीड नावाच्या डच गव्हर्नरने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. 1678 ते 1693 या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यातल्या सातशेहून जास्त वनस्पतींची माहिती देणाऱ्यांत प्रमुख होता इट्टी अच्युतन, अस्पृश्य मानल्या गेलेल्या एळवा समाजातला वैद्य. पहिल्या खंडात त्याची साक्ष त्याच्या नावासकट छापलेली आहे. डच काही संत नव्हते, मिरीच्या व्यापारासाठी आले होते. पण त्यांनी नाव छापलं. आपल्याकडे ‘प्राचीन ऋषींनी सांगितलं’ म्हटलं की हिशेब मिटतो.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही पाच-सहा जण एका गावात वही करतो आहोत. दोन कातकरी बाया, एक ठाकर म्हातारा, आमच्या वस्तीतली आजीच्या हाताखाली शिकलेली एक मावशी, आणि लिहायला कॉलेजची दोन पोरं. पाल्याचं इथलं नाव, कुठे मिळतो, कशावर देतात, कशावर अजिबात देत नाहीत, आणि कुणी सांगितलं. गर्भ पाडायच्या मुळ्या आम्ही मुद्दाम लिहीत नाही. त्यांनी बाया मेलेल्या आहेत. सर्वांत जास्त वाद ‘देत नाहीत’ या रकान्यावर होतात. म्हातारा म्हणतो, कावीळ उतरवतो. मावशी म्हणते, उतरत न्हाय, आपोआप जाते, आन गेली न्हाय तर मानूस जातो. पोरांनी दोघांचंही लिहून ठेवलं आहे.

कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. या गावची नोंदवही आम्ही मागून पाहिली. ती तालुक्याच्या ठिकाणी बसून कुणीतरी भरलेली दिसते. तीत आंबा आहे, वड आहे, तुळस आहे, आणि माहिती देणाऱ्याच्या रकान्यात रेघ आहे. आमची वही तीत जोडावी आणि नावांसकट जोडावी, असा अर्ज ग्रामसभेत दिला. दोन कातकरी बाया पहिल्यांदाच सभेत पुढे बसल्या होत्या. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला आहे. तोपर्यंत कुड्याला शेंगा धरतील. मावशी म्हणते, साल काढायची ती जाणत्या झाडाची आन एकाच अंगाची, झाड मरू द्यायचं न्हाय. हे अजून वहीत लिहायचं राहिलं आहे.